मुक्ती कोणाच्या मालकीची? : मार्टिन यांच्या ड्रॅगनराज्याविषयी

दलित साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात आग ओकणाऱ्या ड्रॅगनांची आणि त्यांच्यावर आरूढ झालेल्या राजांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. गावकुसाबाहेरचे जग अजून पुरते कागदावर उतरलेले नाही. मग परदेशी अद्भुतकथेसाठी पाने का खर्ची घालावीत? माझे उत्तर सरळ आहे. अद्भुतकथा म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी खुशाल मानावे. पुराणकथांनी ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या जखडून ठेवल्या त्यांना ही चैन परवडणारी नाही. 1873 साली 'गुलामगिरी' लिहिताना जोतीरावांनी मत्स्य, कच्छ, वराह, वामन यांच्या कथा भाकडकथा म्हणून फेकून दिल्या नाहीत. त्यांनी त्या बळीच्या रयतेच्या बाजूने उलट्या वाचल्या. आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. आज एका अमेरिकन लेखकाने राजे, गुलाम आणि ड्रॅगन यांचे नवे पुराण रचले आहे. ते वाचण्याची पद्धत आपल्याला शोधायला नको. ती आपल्या घरातच आहे. राज्य कोणाचे, ते कोणाच्या घामावर उभे आहे, गोष्ट कोण सांगतो आणि सांगताना कोणाचे नाव गाळतो, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचे पाच खंड 1996 ते 2011 या काळात प्रसिद्ध झाले. ड्रॅगनराजांची बखर म्हणावी असे 'फायर अँड ब्लड' हे पुस्तक 2018 साली आले. 2011 ते 2019 या वर्षांत चाललेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे ही कथा जगभर पोहोचली. आपल्या वसतिगृहांतली मुलेही ती मोबाइलवर पाहतात. एका अभ्यासवर्गात एका तरुणाने मला विचारले, "सर, गुलामांच्या साखळ्या तोडणारी अशी राणी आपल्याला का मिळू नये?" प्रश्न निरागस नव्हता, त्यामागे थकवा होता. त्या थकव्याला उत्तर देणे मला समीक्षकाचे कर्तव्य वाटते.

1

टार्गेरियन हे ड्रॅगनस्वार घराणे मूळचे व्हॅलिरियाचे. तेथे चाळीस ड्रॅगनस्वामी कुळांची सत्तेसाठी आपापसांत चढाओढ चाले. चौदा ज्वालामुखींच्या पोटातल्या खाणींत गुलाम सोने-चांदी उपसत आणि तेथेच जळून मरत. पुढे प्रलयात व्हॅलिरिया बुडाले. आधीच दूरच्या बेटावर जाऊन राहिलेले टार्गेरियन तेवढे ड्रॅगनांसह वाचले. त्यांच्यातल्या एगॉनने आपल्या दोन बहिणींना राण्या केले, तीन ड्रॅगन घेतले आणि वेस्टेरॉस जिंकायला निघाला. एका मैदानावर तिन्ही ड्रॅगन एकदम सोडून त्याने चार हजार माणसे जाळली. हरलेल्यांच्या तलवारी ड्रॅगनच्या आगीत वितळवून त्याने सिंहासन घडवले. तो स्वतःला राजा म्हणवतो. पण राज्यामागून राज्य जिंकून एका आसनाखाली आणणारा तो सम्राटच होय.

पण आगीने जिंकलेले राज्य केवळ आगीवर टिकत नाही. त्याला शास्त्र लागते. मार्टिन यांची राजकीय जाण येथे दिसते. वेस्टेरॉसचा धर्म भाऊ-बहिणीच्या विवाहाला महापाप मानतो, आणि टार्गेरियन तर रक्त शुद्ध राहावे म्हणून पिढ्यान्पिढ्या तेच करतात. धर्माच्या नावाने लोक उठले. त्यात सरदारांचे योद्धे होते, तसे कुऱ्हाडी घेतलेले फाटके लोकही होते. मेगॉर राजाने बंडखोरांच्या डोक्याच्या कातड्यावर इनाम लावले : योद्ध्याच्या कातड्याला सोन्याचे नाणे, गरिबाच्या कातड्याला चांदीचे. मेल्यानंतरही प्रतवारी सुटत नाही! ज्यांनी चातुर्वर्ण्याची उतरंड भोगली त्यांना या एका तपशिलात अख्खे राज्य दिसेल.

मेगॉरच्या तलवारीने जे साधले नाही ते त्याच्या पुतण्याने, जेहेरिसने, प्रवचनांनी साधले. टार्गेरियन इतरांसारखे नाहीत, ते ड्रॅगनांवर बसतात, म्हणून इतरांचा धर्मनियम त्यांना लागू नाही, असा सिद्धांत त्याने मांडून घेतला. तो गावोगाव पटवायला सात उपदेशक धाडले. लोकांनी तो मानला. हा राजा बखरीत सर्वांत शहाणा आणि प्रजावत्सल म्हणून गौरवला जातो, हेही ध्यानात ठेवावे. एकाच कृत्याला वर्णपरत्वे वेगळा न्याय सांगणारा ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ज्यांनी जाळला, त्यांच्या वारसांना हे शास्त्र ओळखायला वेळ लागू नये. आग भय उत्पन्न करते. शास्त्र त्या भयाला श्रद्धेचे रूप देते.

2

शास्त्राचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे : ड्रॅगन फक्त विशिष्ट रक्तालाच वश होतो. हे खरे आहे काय? मार्टिन यांनी त्याचे उत्तर आपल्या बखरीच्या एका कोपऱ्यात ठेवले आहे. तो कोपरा मला त्यांच्या साऱ्या लेखनात सर्वांत मोलाचा वाटतो.

घराण्यातच यादवी माजली तेव्हा राणी रेनिराच्या पक्षाकडे ड्रॅगन होते, पण स्वार पुरेसे नव्हते. मग बेटावरच्या 'ड्रॅगनबीज' लोकांना हाक घालण्यात आली. हे लोक म्हणजे कोण? बेटावर नव्या नवरीच्या पहिल्या रात्रीवर धन्याचा हक्क चाले. त्यातून आणि धन्यांच्या इतर चैनीतून जन्मलेल्या मुलांचे हे वंशज. बखरकार सांगतो की बेटावरचे लोक हा आपला सन्मानच मानीत. मानीत असतील काय? त्या नवऱ्यांना आणि नवऱ्या मुलींना कोणी विचारले होते? देवाच्या नावाने सोडलेल्या मुरळ्यांचेही भाग्य थोर, असे सांगणारे आपल्याकडे काय कमी होते?

हाकेला आलेल्यांपैकी कित्येक जळून मेले. काहींना ड्रॅगन मिळाला. त्यांत एक नेटल्स नावाची मुलगी होती. अंगाला लागले की आग व्हावी अशा रानझुडपाचे हे नाव. सोळा वर्षांची, सावळी, काळ्या केसांची, हडकुळी, तोंडाने फटकळ, निरक्षर. बाप कोण, ठाऊक नाही. चंदेरी केस नाहीत, जांभळे डोळे नाहीत. बेटावरच्या सर्वांत दांडग्या रानटी ड्रॅगनांपैकी एकाला तिने वश केले. त्या ड्रॅगनचे नावच मेंढीचोर. मंत्र नाही, कुळ नाही : रोज सकाळी ती त्याच्यासाठी ताजी मारलेली मेंढी घेऊन जाई. होता होता तो तिची वाट पाहू लागला. एवढीच तिची विद्या. जनावर राखणाऱ्या कोणत्याही पोराला ती ठाऊक असते.

या एका मुलीमुळे शतकाहून अधिक काळ चालत आलेला रक्ताचा सिद्धांत उघडा पडतो. म्हणूनच तिला जगू देणे राज्याला परवडत नाही. दोन ड्रॅगनबीज स्वारांनी पक्ष बदलला. त्यांचा अपराध राणीने नेटल्सच्या माथी मारला. ही हलक्या कुळाची, हिच्या अंगाला चेटकाचा वास, असे म्हणून तिचे डोके मागितले. मुलगी ड्रॅगनवर बसून निसटली. पंडितांकडे मात्र याहून सोपा उपाय आहे : तिने ड्रॅगन वश केला, म्हणजे तिच्यातही कोठेतरी व्हॅलिरियाचे रक्त असलेच पाहिजे! हा युक्तिवाद आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कबीर विणकराच्या घरचा असूनही एवढा थोर कसा? तर तो मुळात ब्राह्मण विधवेच्या पोटचा, अशी कथा रचली गेली. गुण दिसला की तो वरच्यांच्या रक्तातून आला. दोष दिसला की तो खालच्यांच्या रक्तातला. असा सिद्धांत कधी खोटा ठरत नाही, कारण तो खरा-खोटा ठरवण्यासाठी मांडलेलाच नसतो.

या बखरीवरून निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या 2024 सालच्या दुसऱ्या पर्वात नेटल्स दिसतच नाही. रानटी ड्रॅगनच्या शोधात डोंगर तुडवते ती राजघराण्यातली मुलगी. पुस्तकात निसटलेल्या मुलीला पडद्यावर जन्मच मिळाला नाही.

याच यादवीत राजधानीच्या लोकांनी ड्रॅगनांच्या कोंडवाड्यावर चालून जाऊन, शेकडोंनी मरत, एका रात्रीत पाच ड्रॅगन मारले. ज्या शक्तीपुढे राजे गुडघे टेकत आले ती शक्ती उपाशी लोकांनी भाले-कुऱ्हाडींनी संपवली. पण बखरीत ते 'जमाव' आहेत, आणि त्यांचा पुढारी एकहाती, घाणेरडा, माथेफिरू भिकारी आहे. बखर लिहितो आर्चमेस्टर गिल्डेन नावाचा विद्वान, हे मार्टिन यांचेच पात्र. यादवीविषयी त्याचे मुख्य आधार तीन : एक धर्मगुरू, एक दरबारी पंडित आणि एक दरबारी विदूषक. कोंडवाड्यावर चालून गेलेल्यांपैकी एकाचीही साक्ष नाही. मार्टिन यांनी हे जाणूनबुजून केले आहे, असे मी मानतो. इतिहास कोणाच्या हातून येतो, हे त्यांना दाखवायचे आहे. तरीही परिणाम तोच राहतो.

3

आता त्या तरुणाच्या राणीकडे येऊ. डनेरिस ही राज्य गमावलेल्या टार्गेरियनांची मुलगी. दीडशे वर्षांनी जन्मलेले तीन ड्रॅगन तिच्याकडे आहेत. वेस्टेरॉस परत मिळवायला सैन्य हवे, म्हणून ती गुलामांच्या बाजारात, अॅस्टापोरला, जाते. ही क्रमवारी विसरू नये : ती मुक्त करायला गेली नव्हती, खरेदी करायला गेली होती. तेथे लहानपणीच खच्ची करून, मारून-मुटकून तयार केलेले गुलाम सैनिक विकतात. त्यांना रोज सकाळी चिठ्ठी काढून नवे नाव मिळते : करडा किडा, तांबडी पिसू असले. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनूने सांगितले. अॅस्टापोरच्या मालकांनी ते रोजच्या रोज अमलात आणले.

डनेरिस सौद्यात फसवते, मालकांना मारते, गुलामांना मोकळे करते. येथे तिचे मन हलले आहे हे मी नाकारत नाही. त्या सैनिकांना ती आपली नावे निवडायला सांगते. त्यांचा नायक 'करडा किडा' हेच नाव ठेवतो, कारण मुक्त झाला त्या दिवशी त्याचे तेच नाव होते. हा प्रसंग चटका लावतो. पण मोकळ्या झालेल्या माणसाला आपल्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणून आठवतो तो राणी आली तो दिवस.

युंकाईचे गुलाम तिला 'आई' म्हणून हाक मारतात. आई म्हटले की लेकरे आली, आणि लेकरांना विचारून कोणी घर चालवत नाही. अॅस्टापोरला ती एक वैदू, एक विद्वान आणि एक पुजारी यांचे मंडळ नेमून पुढे जाते. मंडळ बुडते, एक खाटीक राजा होतो आणि मालकांच्या मुलांना पकडून नवे गुलाम सैनिक घडवू लागतो. मीरीनच्या मालकांनी तिला खिजवण्यासाठी 163 गुलाम मुले रस्त्यावरच्या खांबांना खिळली. ती तेवढेच मालक खिळते. मीरीन पडते ते तिच्या माणसांनी गटारातून शिरून आखाड्यांतल्या गुलामांना सोडवले आणि ते आतून उठले म्हणून. पण कादंबरीत त्या उठावाला काही ओळी मिळतात. विजय राणीच्या नावे जमा होतो.

मग राज्य सुरू होते. मालकांचे उंच मनोरे मालकांकडेच राहतात. मुक्त माणसाला भाकर नाही, म्हणून तो स्वतःलाच पुन्हा विकायला निघतो. राणी त्याला तशी मुभा देते. बायको-मुले विकायची नाहीत एवढीच अट. आणि त्या विक्रीचा दहावा हिस्सा खजिन्यात घेते. माणूस विकला जातो आणि मुक्तिदात्या राज्याला कर मिळतो! 1865 नंतर अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांना जमीन देण्याचे आश्वासन मोडले गेले आणि ते पुन्हा जुन्या धन्यांच्या शेतात वाट्याने राबू लागले. मार्टिन यांना हा इतिहास ठाऊक असणार. मुक्तीला पोट असते, जमीन असते, हत्यार असते. यांतले काही बदलले नाही तर केवळ फर्मानाने साखळी तुटत नाही.

एका प्रसंगात राणीचा न्याय खरोखर सुंदर आहे. एक मालक तक्रार घेऊन येतो : माझ्या घरच्या गुलाम म्हातारीने काही मुलींना विणकाम शिकवले, आता त्या मोकळ्या होऊन कमावतात, तर मला वाटा हवा. राणी विचारते, त्या म्हातारीचे नाव काय? त्याला ते नीट सांगता येत नाही. राणी त्याचा दावा फेटाळते आणि नाव विसरल्याचा दंड म्हणून मुलींना चांगला माग घेऊन द्यायला लावते. मी हे पान पुनःपुन्हा वाचले. पण हा न्याय राणीच्या त्या सकाळच्या मनावर अवलंबून आहे. कायदा म्हणून तो कोठे लिहिला गेला? उद्या तिचे मन फिरले तर माग कोणाचा?

आणि मन फिरतेच. रात्री मुक्त माणसांचे खून पडतात. शांततेसाठी राणी एका मालकाशी लग्न करते, माणसांच्या झुंजींचे आखाडे पुन्हा उघडते, आणि शहराच्या तटासमोर गुलामांचा बाजार भरतो. मुक्त माणसांच्या तुकड्या तोवर उभ्या आहेत, शस्त्रे त्यांच्या हातांत आहेत. पण या तहावर त्यांची संमती कोणी घेत नाही. दरम्यान तिच्या सर्वांत मोठ्या ड्रॅगनने एका मेंढपाळाची लहान मुलगी खाल्ली आहे. बाप जळकी हाडे पोत्यात घालून दरबारी येतो. राणी हादरते, हाती लागलेले दोन ड्रॅगन साखळीने बांधते, बापाला भरपाई देते. ड्रॅगन शिरजोर असो की मायाळू, तो खातो मेंढपाळाचेच.

4

याच जगात एक शहर ड्रॅगनाशिवाय मुक्त झालेले आहे : ब्राव्होस. व्हॅलिरियाच्या जहाजांतून नेल्या जाणाऱ्या गुलामांनी उठून जहाजे ताब्यात घेतली आणि धुक्यातल्या खाजणात, ड्रॅगनांच्या नजरेआड, वस्ती केली. शंभरावर वर्षे त्यांनी ती जगापासून लपवली. माणसे शंभर देशांची, म्हणून सगळ्यांच्या देवांना जागा दिली. येथे कोणी कोणाचा गुलाम असणार नाही, हा पहिला कायदा करून तो दगडी कमानीवर कोरला. ही मुक्ती कोणी दिलेली नाही, म्हणून ती कोणी काढून घेऊ शकत नाही. पुढे तेथेही सावकारी पेढी बलाढ्य झाली, श्रीमंत-गरीब झाले. ते आदर्श नगर नव्हे. पण तेथला कंगालही कोणाला 'आई' म्हणून साखळी तोडायला बोलावत नाही. प्रत्यक्ष इतिहासातही 1791 साली उठलेल्या हैतीच्या गुलामांनी 1804 साली आपले राष्ट्र स्वतः उभे केले. त्याची जबर किंमत नंतर फ्रान्सने वसूल केली, तो भाग वेगळा. मुक्ती मात्र त्यांचीच राहिली.

मग मार्टिन यांच्या कथेचा डोळा ब्राव्होसच्या त्या पहिल्या जहाजावर का नाही? त्यांच्या कादंबरीत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून लिहिलेले असते. मीरीनची प्रकरणे राणी, तिचा वृद्ध सरदार आणि बाहेरून आलेले राजपुत्र यांच्या नजरेतून येतात. करड्या किड्याच्या नजरेतून एकही नाही. राणीची दुभाषी झालेली हुशार गुलाम मुलगी मिसांडे, तिच्याही नाही. त्या भागातली गुलामी आतून सांगितली जाते ती वाट्यास चार दिवस गुलामी आलेल्या टिरियनकडून, आणि तो राज्यातल्या सर्वांत श्रीमंत घराण्याचा मुलगा! सहानुभूती आणि स्वानुभव यांतला जो भेद दलित साहित्याने मराठीत ठणकावून मांडला, तो येथे असा लख्ख दिसतो. मार्टिन यांच्या लेखणीत खालच्या माणसाला वेदना आहे, संताप आहे, वाट पाहणे आहे. त्याला राजकारण नाही, विचार नाही. तो उठतो तेव्हा जमाव होतो, थांबतो तेव्हा लेकरू होतो.

दूरचित्रवाणी मालिकेने तर 2019 साली शेवटी राणीला राजधानी जाळायला लावली आणि कारण सुचवले : वडिलांचे वेड तिच्या रक्तात होते. म्हणजे ज्या रक्ताने राज्य दिले त्याच रक्तावर दोष ढकलून व्यवस्था सुटली. त्यानंतर राजा निवडायला जमलेल्या सरदारांत एक जण सुचवतो की सगळ्या लोकांना विचारावे. सगळे हसतात, मग कुत्र्या-घोड्यांनाही विचारू, म्हणतात. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर हसले असतील. मला हसू आले नाही. मताचा हक्क मागितल्यावर असे हसणे आमच्या आजोबांनी ऐकलेले आहे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांनी इतरांसाठी दिला आणि आपल्याला त्यातून वगळले, असे समजण्याचे कारण नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आपणही ड्रॅगनची वाट पाहू लागलो नाही ना, हे तपासले पाहिजे. थकलेल्या समाजाला राणी हवीशी वाटते. पण जी मुक्ती पंखांवर बसून येते ती पंखांवर बसून जातेही.

म्हणून ही कादंबरी आपल्या मुलांनी वाचू नये, असे मी म्हणणार नाही. अवश्य वाचावी, रक्ताचे राज्य कसे उभे राहते हे इतक्या बारकाईने सांगणारी पुस्तके थोडी आहेत. पण वाचताना नजर ड्रॅगनच्या पाठीवर न ठेवता मेंढी घेऊन चढणाऱ्या मुलीवर ठेवावी. आणि आपल्यापैकी ज्यांना अद्भुत लिहायचे असेल, त्यांनी राजांच्या वंशावळी रचत बसू नये. मालकाला जिचे नाव नीट आठवले नाही ती विणकर म्हातारी अजून कोणी लिहिलेली नाही.